लॅपटॉप भंगारात काढण्याआधी

बंगाल नागपूर रेल्वेचे मुख्यालय कोलकात्यात गार्डन रीचला होते. आज त्याच जागी दक्षिण पूर्व रेल्वेचे आहे. नागपूर विभाग 2003 पर्यंत याच रेल्वेत होता, त्यामुळे नागपूर ते गार्डन रीच हा आमच्या नागपूरकडच्या घरांना बदलीचा ओळखीचा रस्ता. तिथल्या रेल्वे कॉलनीतल्या एका काकूंनी गेल्या हिवाळ्यात आपला लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. 2017 सालचा, सातव्या पिढीचा प्रोसेसर, 4 जीबी रॅम. दुकानदाराने सांगितले होते, "विंडोज 10 बंद झालं, आता भंगारात द्या." मी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम सुचवली, पण काकूंचा प्रश्न वेगळा होता. "अरे, लिनक्स टाकलं तर यांचे फोटो जातील ना सगळे?" काका जाऊन तेव्हा वर्ष झाले होते.

आधी दुकानदाराचे बोलणे तपासू. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा मोफत आधार संपला, हे खरे. पण म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते, आणि त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करत राहणे दिवसेंदिवस धोक्याचे होते. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलची ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. काकूंचा लॅपटॉप यादीबाहेर होता. त्यात बिघाड काहीच नव्हता.

फोटो जातात का? जाऊ शकतात, पण नुसता पेन ड्राइव्ह लावल्याने नाही. लिनक्स मिंट किंवा उबंटू आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का, हे सगळे हार्ड डिस्कला हात न लावता कळते. धोक्याची पायरी एकच आहे. इन्स्टॉल करताना एका पडद्यावर विचारले जाते की विंडोजच्या शेजारी बसवायचे, की अख्खी डिस्क पुसून बसवायचे. दुसरा पर्याय निवडला की जुने सगळे जाते. पहिल्या पर्यायातही डिस्कचे भाग पाडले जातात आणि मध्येच वीज गेली तर नुकसान होऊ शकते. म्हणून फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर आधी घ्यायची. काकूंच्या घरी आमची पहिली संध्याकाळ एवढ्यातच गेली, आणि ती तशीच जायला हवी होती.

इंटरनेटवरून उतरवलेली लिनक्सची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केली की काम झाले, असे बरेच जण धरून चालतात आणि लॅपटॉप ती ओळखत नाही म्हणून लिनक्सला दोष देतात. साध्या कॉपीने पेन ड्राइव्ह बूट होत नाही. ती फाइल रूफससारख्या प्रोग्रॅमने त्यावर लिहावी लागते. 8 जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचे जुने सगळे पुसले जाते.

दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवल्यावर काकूंचा दोन दिवसांनी फोन आला. संध्याकाळचे सात वाजले होते आणि विंडोज दुपारचा दीड दाखवत होते. शेजारच्यांनी मदरबोर्डचा सेल गेल्याचे निदान केले होते. सेल ठणठणीत होता. लिनक्स लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजते. भारतात हा फरक बरोबर साडेपाच तासांचा पडतो. एका आज्ञेने तो मिटला.

ती आज्ञा मी काळ्या पडद्यावर टाइप केली, म्हणजे रोजचा वापरही तसाच असणार, असे मात्र नाही. काकू ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि लिब्रेऑफिस वापरतात, तेही माउसनेच.

मराठीबद्दलची भीती मला सर्वांत जास्त खुपते. लिनक्सवर मराठी नीट येत नाही, असे अजूनही ऐकू येते. खरे तर लोहित हा देवनागरी फॉन्ट रेड हॅटने मुक्त केला आणि त्यामागे पुण्यातल्या लोकांचे काम आहे. सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक जोडला की 'ऱ्या'सुद्धा सरळ उमटतो: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. अडचण येते ती श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलींची. त्या अगम्य रोमन अक्षरांत दिसतात, पण तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तशाच दिसतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घेणे हाच उपाय.

ऑगस्ट 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या 'माया' या सिस्टिमची बातमी आली. गार्डन रीचला याच मंत्रालयाच्या अखत्यारीतली जहाजबांधणी गोदी आहे, त्यामुळे तेच आपल्यालाही मिळेल का, असे मला तिथे विचारले गेले. माया सरकारी वापरासाठी आहे. पण ती ज्या उबंटूवर उभी आहे, ते कोणालाही मोफत मिळते, आणि परवानाच तसा असल्याने त्याची प्रत करून देणे कायदेशीर आहे. सी-डॅकचे बॉस हे लिनक्सही लोकांसाठी खुले आहे.

आता उलट बाजूचे गैरसमज, कारण लिनक्सचे चाहतेही ते पसरवतात. लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे चूक आहे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या छोट्या घटकात मुद्दाम घुसवलेले चोरदार सापडले होते. आणि ओटीपी फोनवर सांगून टाकला, तर कोणतीच सिस्टिम वाचवत नाही. जुना लॅपटॉप नव्यासारखा पळेल, हेही अर्धेच खरे. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर फरक खरा जाणवतो. टॅली किंवा डिजिटल सहीच्या टोकनवर रोजचे काम असेल, तर विंडोज ठेवाच.

ज्यांचा लॅपटॉप नवा आहे, त्यांना एक विनंती. त्यात डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. बूटची मांडणी बदलली की विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागते, आणि ती नसेल तर फाइली परत मिळत नाहीत. पेन ड्राइव्ह लावण्याआधी ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून शोधा आणि कागदावर लिहून घ्या.