बदनाम बॅटरी

चेतक सुरू व्हायला बॅटरी लागत नसे. किक मारली की मॅग्नेटो वीज करायचा; सिग्नलला हेडलाइट मिणमिणायचा, रेस दिली की उजळायचा. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, स्कूटर बटणावर सुरू होऊ लागली आणि 'बॅटरी उतरली' ही तक्रार पुण्याच्या दुचाकीवाल्यांच्याही तोंडी आली.

फियाटवाल्यांना ती आधीपासून पाठ होती. त्या गाडीला डायनॅमो, आणि डायनॅमो कमी फेऱ्यांवर चार्जिंग देत नाही. भर पावसात दिवे-वायपर लावून लक्ष्मी रस्त्याने रांगणारी गाडी बॅटरीतलंच खायची; तीच गाडी साताऱ्याला जाऊन आली की ठणठणीत. मालक बॅटरीला शिव्या घालायचा. जुना इलेक्ट्रिशियन मात्र आधी कार्बन झिजलेत का पाहायचा, मग कटआउटचे पॉइंट घासायचा. बॅटरीवर शंका असलीच तर हायड्रोमीटर: सगळे सेल १.२६०च्या आसपास आणि एकच खूप खाली, म्हणजे तो सेल गेला.

त्याच काळातली एक वाईट सवय अजून गेलेली नाही. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची; गाडी बंद पडली नाही की चार्जिंग पास! डायनॅमोवर हे खपून जायचं. मारुती ८०० पासून घरोघरी अल्टरनेटर आला. त्यात बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज उसळतं, डायोड जळतात. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूही जाऊ शकतो. याला तपासणी म्हणणं म्हणजे कमालच.

खरं तर साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकली. तो अकरावर टिकूनही सेल्फ सुस्तच फिरत असेल तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि इंजिनची अर्थिंग पट्टी आधी बघावी. जुन्या गाडीत निम्मं दुखणं तिथेच सापडतं, असं माझं मत.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या. रिकामी राहिलेली बॅटरी आतून सल्फेट धरते, म्हणून त्यातल्या काही खरोखरच गेल्या होत्या. पण रोज वापरातली गाडी रात्रीत उतरत असेल तर सकाळी, इंजिन थंड असताना, अल्टरनेटरला हात लावून बघावा. कोमट लागला तर डायोड गेलाय, वीज रात्रभर तिथूनच गळतेय. अशा गाडीत नवी बॅटरी घातली तर तीही उतरते, आणि मग दुकानदाराशी वॉरंटीवरून हुज्जत.