‘सांगितलं तर फोन जाईल’: मुलांची ऑनलाइन सुरक्षितता आणि पालक

आठवीतला एक मुलगा पोटदुखीसाठी महिनाभरात तीन वेळा ओपीडीत आला. तपासणीत काही सापडत नव्हते, सोनोग्राफीही नॉर्मल होती. रात्री झोप नाही आणि शाळेचे नाव काढले की पोटात कळ. तिसऱ्या वेळी आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी त्याच्याशी बोललो. गेम खेळताना ओळख झालेल्या एका ‘मैत्रिणी’ला त्याने स्वतःचा फोटो पाठवला होता. आता ती व्यक्ती पैसे मागत होती. पैसे दिले नाहीत तर फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकू, अशी धमकी होती. “घरी का नाही सांगितलंस?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “बाबा फोन काढून घेतील.” (मुलाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

धमकी देणाऱ्याला नेमकी हीच भीती हवी असते. मूल घरी सांगणार नाही, या भरवशावरच त्याचा सगळा डाव चालतो. म्हणून फोनमधील सेटिंग्ज आणि वेळेची बंधने जरूर असावीत, पण मुलाचे सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे चूक झाल्यावरही घरी येऊन सांगता येईल, हा विश्वास.

हे घडते कसे?

सुरुवात साधी असते. गेममधील चॅट, इन्स्टाग्रामवर आलेली रिक्वेस्ट, कुणीतरी केलेले कौतुक. समोरची व्यक्ती आपण मुलाच्याच वयाचे आहोत असे सांगते. मग बोलणे दुसऱ्या, खासगी ॲपवर नेले जाते. “हे आपल्या दोघांतच ठेव” असे सांगितले जाते. त्यानंतर फोटो किंवा व्हिडिओ कॉलची मागणी होते आणि तो हाती लागला की धमकी सुरू होते. हे मुलींइतकेच मुलग्यांच्या बाबतीतही घडते. आता साध्या फोटोवरून एआय वापरून बनावट अश्लील चित्र तयार करता येते. त्यामुळे मुलाने काहीही ‘चुकीचे’ पाठवले नसले तरी त्याला धमकावले जाऊ शकते.

मुलांना ही साखळी आधीच सांगून ठेवा. “अनोळखी माणसाशी बोलू नकोस” एवढे सांगून भागत नाही, कारण महिनाभर रोज गप्पा मारणारी व्यक्ती मुलाला अनोळखी वाटतच नाही. त्यापेक्षा हे सांगा: “कुणी घरच्यांपासून लपवायला सांगितलं, दुसऱ्या ॲपवर बोलावलं किंवा फोटो मागितला, तर तिथेच थांब आणि मला सांग.”

कोणत्या लक्षणांकडे लक्ष द्यावे?

- वारंवार पोटदुखी किंवा डोकेदुखी, तपासणीत कारण न सापडणे
- झोप न लागणे, भूक कमी होणे, शाळेत जायला टाळाटाळ
- फोन वाजला की दचकणे, कुणी जवळ आले की स्क्रीन झाकणे
- अचानक पैसे मागणे किंवा घरातील पैसे कमी होणे
- कुठून आल्या हे न सांगता येणाऱ्या भेटवस्तू, रिचार्ज किंवा गेममधील खरेदी
- मित्रमैत्रिणींपासून दूर जाणे, चिडचिड, एकटे रडणे

यातील एखादे लक्षण दिसले म्हणजे ऑनलाइन त्रासच आहे असे नाही. पण अचानक बदल झाला असेल, तर शांतपणे विचारायला हवे.

मूल सांगते तेव्हा पहिली पाच मिनिटे

त्या वेळी राग येणे, घाबरणे स्वाभाविक आहे. पण मूल तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असते आणि पुढचे सांगायचे की नाही, हे त्यावरून ठरवते. पहिले वाक्य असे असू द्या: “सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझा दोष नाही. आपण मिळून मार्ग काढू.” “तुला किती वेळा सांगितलं होतं” हे वाक्य टाळा. फोन हिसकावून घेऊ नका, मारू नका आणि नातेवाइकांत चर्चा करू नका.

मग पुढील गोष्टी करा:

१. पैसे देऊ नका. एकदा दिले की बहुधा मागणी वाढते.

२. चॅट किंवा अकाउंट घाईने डिलीट करू नका. धमकीचे मेसेज, समोरच्याचे युजरनेम, प्रोफाइलची लिंक, फोन नंबर आणि पैसे मागितलेला यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर ॲपमध्ये रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा.

३. मुलाचा आक्षेपार्ह फोटो ‘पुरावा’ म्हणूनसुद्धा कुणाला फॉरवर्ड करू नका. फोन जसा आहे तसा पोलिसांना दाखवा.

४. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

५. फोटो पसरू नये यासाठी अमेरिकेतील एका संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत ऑनलाइन सेवा वापरता येते. ती १८ वर्षांखालील मुलांच्या फोटोंसाठी आहे. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो. त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या तो फोटो शोधून काढू शकतात.

बदनामीच्या भीतीने अनेक पालक पोलिसांकडे जात नाहीत. २०१२ च्या पोक्सो कायद्यात याचा विचार केलेला आहे. मुलाचे नाव, फोटो, शाळा माध्यमांत उघड करण्यास मनाई आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता नोंदवायचा असतो. मुलाला रात्री पोलिस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे, डॉक्टरांनाही. म्हणून मुलाला “कुणालाच सांगणार नाही” असे खोटे वचन देऊ नका. “ज्यांनी मदत करायची, त्यांनाच सांगू” असे म्हणा.

आपले मूलच कुणाला त्रास देत असेल तर?

वर्गातल्या मुलीच्या फोटोवर मीम बनवणे, एखाद्याला ग्रुपमधून मुद्दाम काढणे, आलेला खासगी फोटो पुढे पाठवणे हे बऱ्याच मुलांना गंमत वाटते. ‘मी बनवला नाही, फक्त फॉरवर्ड केला’ असे ते म्हणतात. पण लहान मुलांचे अश्लील चित्र पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे. मुलाला एकच प्रश्न विचारा: “ज्याचा फोटो आहे, तो आत्ता समोर बसला असता तर पाठवला असतास का?” चूक झाली असेल तर पोस्ट काढायला लावा, माफी मागायला लावा आणि शाळेशी स्वतः बोला. पाठीशी घालू नका, पण चारचौघांत अपमानही करू नका.

ही जबाबदारी मुले आपल्याकडूनच शिकतात. गणवेशातला, शाळेचे नाव दिसणारा फोटो आपणच स्टेटसवर ठेवतो आणि परीक्षेचे गुण न विचारता फॅमिली ग्रुपवर टाकतो. “हा फोटो टाकू का?” असे मुलाला विचारायला लागा. आपल्या फोटोबद्दल ‘नाही’ म्हणता येते, हे तो घरातच शिकेल.

वयानुसार घरातले नियम

- दोन वर्षांपर्यंत: स्क्रीन नको. आजीआजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. जेवण भरवताना मोबाइल दाखवण्याची सवय लावू नका.
- दोन ते पाच: दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत.
- पाच ते दहा: दोन तासांपेक्षा कमी. फोन दिवाणखान्यातच वापरायचा. आजीच्या फोनवर खेळत असेल तर त्यातही लॉक हवे. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका.
- दहा ते तेरा: गेममधील अनोळखी लोकांशी चॅट बंद ठेवा. अँड्रॉइडवर ‘फॅमिली लिंक’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ यांची मदत घ्या, पण मुलाला सांगून.
- तेरानंतर: चोरून मेसेज वाचण्यापेक्षा नियम एकत्र बसून ठरवा. अकाउंट खासगी ठेवा. अकाउंट उघडताना जन्मवर्ष खोटे टाकू देऊ नका. ॲपने मुलाला प्रौढ समजले, तर लहान वयासाठी असलेले संरक्षण त्याला मिळत नाही.

रात्री घरातले सगळे फोन, आईबाबांचेही, झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. झोप सुधारते आणि रात्री उशिराच्या चॅटिंगलाही आळा बसतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

झोप, जेवण किंवा शाळा दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मूल “मला जगायचं नाही” असे म्हणाले, निरोपाचे बोलू लागले किंवा स्वतःला इजा केली, तर वाट पाहू नका. मनात मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येते.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाच्या वडिलांना मी आत बोलावले, तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले आणि मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चल, आपण तक्रार करू. फोन तुझ्याकडेच राहील.” त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी शांत झोपला. तुमच्या मुलाला हे वाक्य संकट येण्याआधीच ऐकू द्या. आज रात्री जेवताना त्याला सांगा: “काहीही झालं तरी मला सांग. सांगितल्याची शिक्षा मिळणार नाही.”