बोटांपर्यंत न पोहोचणारा बॅज

बेंगळुरूच्या एचसीजी रुग्णालयात सायक्लोट्रॉन आहे. त्यात तयार होणारं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे त्यापासून बनणारं पेट स्कॅनचं औषध साठवून ठेवता येत नाही. ते मोजून सिरिंजमध्ये घ्यायचं आणि वेळ न दवडता टोचायचं. हे काम तंत्रज्ञाच्या हातांनी होतं.

एक्स-रेचं यंत्र बंद केलं की किरण थांबतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे असं किरणोत्सारी औषध टोचून केलेल्या तपासणीत, मात्र इंजेक्शननंतर रुग्णाच्याच शरीरातून काही तास किरण बाहेर पडत राहतात. कण्हणाऱ्या माणसाला आधार देऊन टेबलावर झोपवावं लागतं. लांबून सूचना देऊन भागत नाही. शिशाचा नेहमीचा एप्रन इथे फारसा उपयोगी नाही, कारण ५११ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण त्यातून बहुतांशी आरपार जातात. अंतर दुप्पट केलं तर अंगावर येणारी किरणांची मात्रा साधारण चौथाईवर येते. म्हणून जाणते तंत्रज्ञ रुग्णाच्या शंका सोडवणं, धीर देणं, शिरेत सुई बसवणं हे सगळं औषध टोचण्याआधीच उरकतात.

अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट मात्रेची मर्यादा घातली आहे. कोणत्याही एका वर्षात ३० ओलांडता येत नाहीत. निसर्गाकडून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. या मात्रेचा हिशेब ठेवतो छातीवरचा टीएलडी बॅज. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बॅजमध्ये डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. त्या तापवल्या की प्रकाश देतात, आणि त्या प्रकाशावरून मात्रा कळते.

पण हा बॅज बोटांबद्दल काही सांगत नाही, आणि खरी काळजी तिथेच आहे. सिरिंज धरणारं बोट औषधापासून काही मिलिमीटरवर असतं. हातांची मर्यादा वर्षाला ५०० मिलिसिव्हर्ट इतकी मोठी आहे, तरी रोज औषध भरणाऱ्याची बोटं तिच्याजवळ पोहोचू शकतात. सिरिंजवरचं टंगस्टनचं आवरण मात्रा बरीच कमी करतं, पण ते जड असतं. घाईत ते बाजूला ठेवण्याचा मोह होतो. रिकाम्या सिरिंजवर आवरणासकट सराव करून घेणं आणि औषध भरण्याची पाळी आलटूनपालटून देणं, एवढं तर प्रत्येक विभागाने करायलाच हवं.

बोटात घालायची टीएलडी अंगठीही असते. वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या किरण-सुरक्षेवरच्या युरोपातल्या ओरामेड प्रकल्पाने ती कमी वापरातल्या हाताच्या तर्जनीच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूने घालायला सांगितलं. तिथला आकडा साधारण सहापट केला की त्या हाताला बसलेल्या सर्वाधिक मात्रेचा अंदाज येतो.