त्या खोलीत नेमकं काय चालतं?

दारू सोडायची इच्छा असलेल्या पेशंटला मी ‘एकदा ए.ए.च्या मीटिंगला जाऊन या’ म्हटलं, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, तिथं कोणी ओळखीचं भेटलं तर?’ गंमत बघा, गुत्त्यावर जाताना सगळी गल्ली बघत असते, त्याचं काही नाही. सोडायला जाताना मात्र कोणी बघू नये! मी एवढंच म्हणतो, जो भेटेल तोही त्याच दुखण्यासाठी आलेला असेल.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. आपली ओळख न मिरवणाऱ्या मद्यपींची संघटना. तिचा जन्मच मुळी अशा माणसाच्या शोधातून झाला. मे १९३५. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा गृहस्थ धंद्याच्या कामानं आला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. काम फिसकटलं, हॉटेलात एकटाच, आणि समोरच बार. त्यानं काय केलं? चर्चची यादी घेऊन फोन फिरवत सुटला. त्याला उपदेशक नको होता, आपल्यासारखाच पिणारा कोणीतरी बोलायला हवा होता. अखेर डॉक्टर बॉब नावाच्या सर्जनशी गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. पुढे १० जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला, तोच संघटनेचा स्थापनादिन मानतात.

आजही खोलीत चालतं ते हेच. शाळेचा वर्ग असतो, नाहीतर चर्चचा हॉल. हॉल चर्चचा म्हणून ही ख्रिस्ती भानगड आहे, असं काहींना वाटतं. तसं नाही, जागा मिळते तिथं सभा भरते. प्रार्थना असते, देवाचा उल्लेखही असतो, पण तो ज्याला जसा समजला तसा. देव न मानणारेही तिथं टिकलेले मी पाहिले आहेत.

सभा तासाभराची, फार तर दीडेक तासाची. सभासदांपैकीच एकजण सूत्रं सांभाळतो. मग एकेकजण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. मध्ये कोणी तोडत नाही, ‘तू असं करायला हवं होतंस’ असं कोणी सुनावत नाही. आपल्याकडे हे दुर्मीळच! नवख्यानं बोललंच पाहिजे असंही नाही. चहा घेऊन गप्प बसला तरी चालतं. नोंदणी नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. शेवटी खर्चासाठी पेटी फिरते. एका सभेत मी सवयीनं खिशात हात घातला, तर शेजारचे हळूच म्हणाले, ‘तुम्ही नको, डॉक्टर.’ बाहेरच्यांचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा नियमच आहे.

मी तिथं बसू शकलो, कारण ती खुली सभा होती. खुल्या सभेला घरचे, डॉक्टर, कोणीही येऊ शकतं. बंद सभा फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी. बायकोला सोबत न्यायचं असेल तर आधी विचारून घ्यावं. घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे. १९५१ साली बिलच्याच पत्नीनं, लोईसनं, ती उभारण्यात पुढाकार घेतला. नवरा यायला तयार नसला तरी बायकोनं तिथं जायला काहीच हरकत नाही.

एक गोष्ट मात्र डॉक्टर म्हणून बजावून सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं मीटिंगच्या उत्साहात एकाएकी दारू तोडू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट, भास, भ्रम असं काहीही होऊ शकतं, जीवावरही बेततं. आधी डॉक्टर गाठा. औषधं आणि सभा एकमेकांच्या आड येत नाहीत.

उपयोग होतो का? २०२० साली कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात माणसं होती साडेदहा हजारांवर. ए.ए.कडे पद्धतशीरपणे वळवलेल्यांपैकी वर्षाअखेर शंभरात ४२ जण पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांत ३५. फरक डोंगराएवढा नाही, पण फुकटच्या खोलीतून इतकं मिळतं, हे मला थोडं वाटत नाही.

सभा शोधायची कशी? ए.ए.च्या संकेतस्थळावर ठिकाणं आणि वेळा असतात. पुण्यात १९८६ पासून चालू असलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातही माहिती मिळते. सरकारची १४४४६ ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. गावात सभाच नसेल, किंवा बाईमाणसाला पुरुषांच्या घोळक्यात अवघड वाटत असेल, तर मोबाइलवरच्या ऑनलाइन सभा आहेत.

आणि पहिली सभा रुचली नाही, तर दुसरीकडे जा. प्रत्येक गटाची चव वेगळी. माझा एक पेशंट तीन ठिकाणांहून कुरकुरत परतला, चौथीकडे रमला. हल्ली तो अर्धा तास आधी जातो. खुर्च्या मांडायचं काम त्याच्याकडे आहे.