रोटरी टूल घ्यायचंय? बॉक्सवरचा ३५,००० आरपीएमचा आकडा नंतर, या गोष्टी आधी बघा

पेनासारखं हातात धरलेलं एक छोटं यंत्र. त्यानं कुणी लाकडावर नक्षी काढतंय, कुणी गंजलेला बोल्ट कापतंय, कुणी काचेवर नाव कोरतंय. असे रील्स सध्या जवळपास प्रत्येकाच्या फीडमध्ये येतात. खाली लिंक असते आणि किटची किंमत दोन हजारांच्या आत. सोबत शंभर-दीडशे ॲक्सेसरीज 'फ्री'.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावात अशा यंत्राची गरज खरीच आहे. मिक्सरचा स्क्रू गोल झाला, फवारणी पंपाचा नट गंजून बसला, दाराची कडी चौकटीत नीट बसेना, पितळेच्या भांड्यावर नाव टाकायचंय. एवढ्याशा कामासाठी दर वेळी फॅब्रिकेशनच्या दुकानात जाणं परवडत नाही. घरामागच्या शेडमध्येच एक छोटं वर्कशॉप असलं तर निम्मी कामं तिथेच उरकतात.

पण या यंत्राबद्दलचा एक मोठा गैरसमज पैसे वाया घालवतो आणि कधीकधी डोळ्यावरही बेततो. तो कोणता? आणि रोटरी टूल निवडायचं कसं? समजून घेऊया.

रोटरी टूल म्हणजे नेमकं काय?

सोनाराच्या दुकानात टांगलेली मोटर, तिच्यातून खाली आलेली लवचिक नळी आणि पायाखालचं पेडल बघितलं असेल. दातांच्या डॉक्टरकडचं ड्रिलही माहीत असेल. रोटरी टूल त्याच कुळातलं. छोटी मोटर प्रचंड वेगानं फिरते आणि पुढे लावलेला बिट घासतो, कापतो, कोरतो किंवा पॉलिश करतो.

अनेक जण या यंत्राला सरसकट 'ड्रेमेल' म्हणतात. ते एका कंपनीचं नाव आहे. अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रॅसीन शहरात ही कंपनी सुरू केली आणि १९९३ मध्ये ती बॉश समूहाकडे गेली. आज बाजारात बऱ्याच कंपन्यांची रोटरी टूल्स मिळतात. काही दुकानांत त्यांना 'मिनी ग्राइंडर' म्हणतात, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो.

वेग म्हणजे ताकद नव्हे

बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात आरपीएम लिहिलेला असतो, म्हणजे मिनिटाला किती फेरे. चार इंची अँगल ग्राइंडर साधारण ११,००० आरपीएमवर फिरतो आणि रोटरी टूल ३०,००० च्या पुढे जातं. मग ते तिप्पट ताकदवान झालं का? उलट आहे.

ढोबळ हिशेब करून बघू. साधारण रोटरी टूल १३० ते १७५ वॉटचं असतं, तर अँगल ग्राइंडर ८५० वॉटचा. तेवढीच वीज जास्त वेगात वाटली गेली की प्रत्येक फेऱ्यामागचा जोर कमी होतो. ८५० वॉट आणि ११,००० आरपीएमच्या ग्राइंडरचा फिरवण्याचा जोर, १३० वॉट आणि ३३,००० आरपीएमच्या रोटरी टूलच्या जवळपास वीसपट भरतो.

म्हणून रोटरी टूल दाबून चालवायचं नसतं. हलका हात ठेवायचा आणि काम वेगाला करू द्यायचं. दाबलं की वेग पडतो, मोटर तापते, बिट घासण्याऐवजी जळतो.

मग कोणती कामं होतात, कोणती नाही?

स्क्रूच्या गोल झालेल्या डोक्यावर नवी खाच पाडणं, पातळ सळई किंवा खिळा कापणं, पीव्हीसी पाइपची धार साफ करणं, बिजागरीसाठी लाकडात खाच करणं, काचेवर किंवा धातूवर कोरणं, कोपऱ्यातला गंज काढणं आणि छोट्या वस्तू पॉलिश करणं ही रोटरी टूलची कामं. मोठं यंत्र शिरत नाही तिथे ते शिरतं.

लोखंडी अँगल कापणं, भिंतीला भोक पाडणं, वेल्डिंगचे मोठे टाके घासणं, फळी कापणं ही त्याची कामं नाहीत. भिंतीसाठी हॅमर ड्रिल आणि अँगलसाठी ग्राइंडरच लागतो. महिन्याला दोनदा अँगल कापायचा असेल तर रोटरी टूल घेऊन उपयोग नाही.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. त्यामुळे इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, कोयत्याला धार लावता येईल का? छोट्या दगडानं एवढ्या लांब पात्याला एकसारखी धार येत नाही, ती वरखाली होते. शिवाय एकाच जागी घासलं की पातळ धार तापते. धारेवर निळसर रंग चढला तर पोलाद तिथे सुमारे ३०० अंशांपर्यंत तापलंय असं समजायचं. तेवढ्या जागेचा कडकपणा कमी होतो आणि धार लवकर बसते. कोयत्यासाठी कानसच बरी.

आणि भांड्यांवर नावं? ते काम छान होतं. टोकाला डायमंड बिट लावायचा, मनगट टेबलावर टेकवायचं आणि आधी जुन्या भांड्यावर सराव करायचा. पण फक्त नावंच टाकायची असतील तर थरथरणाऱ्या टोकाचा इलेक्ट्रिक एनग्रेव्हर स्वस्तात पडतो आणि हाताला लवकर जमतो.

घेताना काय बघायचं?

१. सगळ्यात कमी वेग किती? जास्तीत जास्त वेग सगळेच सांगतात, खरा प्रश्न कमीत कमी वेगाचा आहे. प्लास्टिक जास्त वेगात कापलं जात नाही, वितळून बिटला चिकटतं. पॉलिशचं कामही कमी वेगातच होतं. तारेचा ब्रश १५,००० आरपीएमच्या वर चालवू नये असं ड्रेमेलच्या सूचनांमध्ये आहे, कारण त्यापुढे तारा तुटून उडतात. ५,००० ते १०,००० पासून सुरू होणारं आणि वेग कमीजास्त करता येणारं मॉडेल घ्यावं. एकच वेग असलेलं टाळावं.

२. बिट सरळ फिरतो का? दुकानात सरळ बिट लावून यंत्र आधी कमी वेगात, मग वाढवत चालवून बघा. बिटचं टोक एकाच जागी दिसायला हवं. ते छोटं वर्तुळ काढत असेल तर बिट थरथरतो. अशा यंत्रानं रेघ सरळ येत नाही, बिट तुटतात आणि बेअरिंग लवकर जातं. ऑनलाइन घेतलं असेल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत ही तपासणी करा.

३. कोलेट कोणते मिळतात? बिट पकडणारी छोटी पितळी किंवा स्टीलची कडी म्हणजे कोलेट. सगळ्यात जास्त चालणारं माप ३.२ मिलिमीटर, त्याखाली २.४, १.६ आणि ०.८. बिटचा दांडा आणि कोलेट एकाच मापाचे हवेत. ३ मिलिमीटरचा दांडा ३.२ च्या कोलेटमध्ये बसल्यासारखा वाटतो, पण कामात सटकू शकतो. तीन जबड्यांचं छोटं चक सोयीचं असतं, मात्र खूप जास्त वेगात कोलेटची पकड बरी.

४. कार्बन बाहेरून बदलता येतात का? वायरवाल्या बहुतेक रोटरी टूल्समध्ये कार्बन ब्रश असतात आणि ते झिजतातच. यंत्राच्या दोन्ही बाजूंना स्क्रू ड्रायव्हरनं उघडणारी टोपणं असतील तर पाच मिनिटांचं काम. दुकानदाराला विचारा, कार्बन आणि कोलेट सुटे मिळतील का? 'नाही' म्हणाला तर ते यंत्र कार्बन संपेपर्यंतच आपलं.

५. ॲक्सेसरीजचा आकडा विसरा. दीडशे नगांमध्ये मोठा वाटा छोट्या सँडिंग पट्ट्या आणि पातळ चकत्यांचा असतो. सुरुवातीला फायबरची जाळी असलेल्या काही कटिंग चकत्या, दोन-तीन घासायचे दगड, एक सँडिंग ड्रम, एक-दोन डायमंड बिट आणि एक पॉलिशचा नमदा पुरतो. पुढचं गरजेप्रमाणे.

६. लवचिक शाफ्ट आहे का? कोरीवकाम करायचं असेल तर यंत्र टांगून, सोनारासारखी नळी वापरली की हातावर वजन येत नाही. नळी अगदी मुडपून वापरायची नाही, आतली तार तापते.

वायरवालं की बॅटरीचं?

रोज तासभर काम असेल तर वायरवालं. ते थांबत नाही आणि त्याच पैशात जास्त जोर देतं. १३०-१७५ वॉट म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवरही चालतं. मात्र स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वेगाचं नियंत्रण नीट चालेलच असं नाही, साइन वेव्ह असेल तर चांगलं. व्होल्टेज फार पडत असेल तेव्हा काम थांबवा. वेग कमी पडला म्हणून आपण दाबतो आणि मोटर तापते.

लाइट नसताना, शेतात किंवा टाकीवर चढून काम करायचं असेल तर बॅटरीवालं सोयीचं. फक्त मराठवाड्यातला उन्हाळा लक्षात ठेवा. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांसाठी चार्जिंगची वरची मर्यादा ४०-४५ अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तापमान सहज त्याच्या वर जातं. बॅटरी घरात, सकाळी किंवा रात्री चार्ज करा.

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट. पत्त्यात नुसतं 'शिरूर' लिहू नका. पुणे जिल्ह्यातही शिरूर आहे आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ. 'शिरूर कासार, जि. बीड' आणि पिनकोड पूर्ण लिहा. जीएसटी बिल जपून ठेवा, वॉरंटीसाठी तेच लागतं. सर्व्हिस सेंटर बीडला आहे की थेट पुण्याला, हे पैसे देण्याआधी विचारा.

डोळ्याचा प्रश्न

३०,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५०० फेरे. २४ मिलिमीटरच्या चकतीची कडा त्या वेगात ताशी सुमारे १३५ किलोमीटरनं पळत असते. चकती तुटली की तुकडे त्याच वेगानं सुटतात. यंत्र छोटं आहे म्हणून लोक गॉगल लावत नाहीत. शिवाय काम बारीक असल्यामुळे चेहरा अगदी जवळ नेतात.

म्हणून काही नियम पाळायलाच हवेत.

- बाजूनेही बंद असलेला सेफ्टी गॉगल लावा. नंबरचा चष्मा पुरत नाही.
- चकतीवर लिहिलेला आरपीएम यंत्राच्या वेगापेक्षा जास्त हवा. आकडाच नसलेली चकती वापरू नका.
- नवी चकती लावली की ती स्वतःपासून लांब धरून आधी मिनिटभर रिकामी फिरवा. कापताना चेहरा चकतीच्या रेषेत ठेवू नका आणि चकती आडवी दाबू नका.
- छोटी वस्तू हातात धरून कापू नका, व्हाईसमध्ये पकडा.
- उपरणं, ओढणी, पदर, सैल बाह्या आणि सुती हातमोजे दूर ठेवा. फिरत्या बिटात ते गुंडाळले जातात.
- जवळ कडबा, कापूस किंवा पेट्रोलचा कॅन नको. लोखंडाच्या ठिणग्या लांब जातात.
- फरशी किंवा दगडाच्या धुळीत सिलिका असते, मास्क लावा. जुना सिमेंटचा पत्रा घरी कापूच नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

डोळ्यात कण गेलाच तर चोळू नका. साधा कचरा असेल तर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा. कण रुतलेला वाटत असेल किंवा दिसायला कमी आलं असेल तर रुमालाचं टोक, काडी असले उपाय न करता, डोळा न दाबता सरळ नेत्रतज्ज्ञांकडे जा. लोखंडाचा कण बुबुळावर राहिला तर तिथे गंज धरतो, त्यामुळे 'उद्या बघू' म्हणू नका.

थोडक्यात, निवड कशी करायची?

आधी कागदावर गेल्या सहा महिन्यांत घरात अडलेली दहा कामं लिहा. त्यातली सहा-सात बारीक असतील, म्हणजे कोरणं, घासणं, खाच पाडणं, पॉलिश, तर वेग बदलता येणारं, सुटे कार्बन मिळणारं १३० वॉटच्या आसपासचं रोटरी टूल घरासाठी पुरेसं आहे. बहुतेक कामं कापाकापीची निघाली तर चार इंची ग्राइंडर घ्या. भोकं पाडायची असतील तर ड्रिल.

आणि बजेट ठरवताना त्यातून आधी गॉगलचे पैसे बाजूला काढा. उरलेल्या पैशात यंत्र बघा.