लग दाबण्याची डाय : घासण्यापूर्वी हिशेब करा

यंत्रमागाचा पॅनल असो, पिठाची गिरणी असो की वेल्डिंगचे मशीन, जाड केबल जोडायची तर तिच्या टोकाला लग, म्हणजे बाजारच्या बोलीत थिंबल, दाबावी लागते. दाबण्याच्या हत्यारात पोलादी डायचे दोन भाग समोरासमोर बसतात. नेमक्या मापाची डाय हाताशी नसली की आपले कित्येक कारागीर जवळच्या मापाची डाय ग्राइंडरवर घासून वेळ निभावून नेतात. डायमध्ये बदल करता येतो. पण तो अंदाजाने केला तर गिऱ्हाइकाचा पॅनल जळतो आणि कारागिराचे नाव जाते.

योग्य दाबणीत लगची नळी व आतील तारा एकजीव होतात, मध्ये हवेला जागा उरत नाही. दाब कमी पडला तर ओल शिरते, गंज चढतो आणि विजेला होणारा रोध वाढतो. 100 अॅम्पिअरच्या जोडात एक मिलीओहम रोध असेल तर तेथे सतत 10 वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला की ती चौपट, म्हणजे 40 वॅट होते. उलट दाब जास्त झाला तर तारा तुटतात व नळीला चीर जाते.

म्हणून प्रथम माप काढावे. समजा, 50 चौ. मि.मी. तांब्याच्या केबलची लग बाहेरून 14 व आतून 10 मि.मी. आहे. तिच्या नळीतील धातूचे क्षेत्रफळ सुमारे 75 चौ. मि.मी. भरते. त्यात केबलचे 50 मिळवले की 125 झाले. षटकोनाचे क्षेत्रफळ म्हणजे समोरासमोरच्या बाजूंमधील अंतराचा वर्ग गुणिले 0.866. या हिशेबाने ते अंतर सुमारे 12 मि.मी. येते. दाबताना थोडा धातू लांबीत सरकतो, म्हणून डाय याहून किंचित लहान ठेवून सुरुवात करावी. डायचा धातू काढता येतो, परत चढवता येत नाही.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. पहिली, डायचे एकमेकांवर टेकणारे सपाट तोंड घासू नये. ते घासले की पोकळीचा आकारच बिघडतो आणि दाब मर्यादेबाहेर जातो. दुसरी, पाणी दिलेली डाय कोरड्या ग्राइंडरवर धरू नये. पोलाद निळे पडले की त्याचे पाणी उतरले असे समजावे. अशी डाय थोड्याच दिवसांत पसरते. दोन्ही भाग एकत्र आवळून वायर-कट मशीनवर पोकळी वाढवून घेणे हाच खात्रीचा मार्ग. त्यानंतर पोकळीच्या कडा किंचित गोल कराव्यात, नाहीतर त्या लगला कापतात. नवी डाय करायची असेल तर पोलाद मऊ असतानाच आकार द्यावा, पाणी नंतर द्यावे.

डायवरील जुना आकडा खोडून नवा ठोकण्यास विसरू नये, अन्यथा दुसरा कारागीर फसेल. एकाच मापाच्या तांब्याच्या व अॅल्युमिनियमच्या लगची जाडी सारखी नसते, म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा करावा. अॅल्युमिनियमच्या तारांवरील ऑक्साइडचा थर वीज अडवतो. तो घासून, जोडाची पेस्ट लावून मगच लग दाबावी.

शेवटी परीक्षा. नव्या डायने एक लग दाबून करवतीने मधोमध आडवी कापावी व कापलेला भाग बारीक पॉलिश पेपरने घासून पाहावा. तारांमध्ये काळी छिद्रे दिसली तर दाब कमी आहे. लगच्या दोन्ही बाजूंना धातूचे पातळ कान निघाले तर पोकळी लहान आहे. आमची आपणांस विनंती एवढीच की, या परीक्षेत उतरल्याशिवाय कोणतीही बदललेली डाय गिऱ्हाइकाच्या कामाला लावू नये. एका लगची किंमत ती काय, पण जळालेल्या पॅनलची भरपाई कारागिराच्या अंगावर येते.