डबा एकच, पण देशागणिक साखर वेगळी!

मध्यंतरी आम्ही वस्तीतल्या एका घरी बाळाच्या नामकरणाला गेलो होतो. आहेरात टोपडी होती, अंगडी होती, वाळे होते आणि त्यांच्याच शेजारी बाळाच्या खाऊचे दोन मोठे डबे होते. बाळाच्या मावशीने ते आणले होते. ती बिगारी काम करते. दोन दिवसांची मजुरी त्या डब्यांत गेली असावी. आम्ही सहज विचारले, तर म्हणाली, "आपल्या वाट्याला नाही आलं, लेकराला तरी चांगलं मिळू दे."

तिची माया खरी आहे. पण चांगले म्हणजे डब्यातले, ही समजूत आपल्या घराघरांत आली कुठून? ती आपोआप आलेली नाही. सातासमुद्रांपलीकडच्या व्यापाराने ती पैसा आणि डोके खर्चून आणली आहे. ही हकिगत प्रत्येक आईला, आजीला आणि बापालाही माहीत असायला हवी.

गिऱ्हाईक शोधत निघालेले दूध

१८६७ साली स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे या गावी हेन्री नेस्ले या गृहस्थाने दूध, गव्हाचे पीठ आणि साखर यांची भुकटी विकायला काढली. ज्या तान्ह्यांना आईचे दूध मिळत नव्हते, त्यांच्यासाठी ती होती. गरज खरी होती, आणि तशी गरज आजही काही बाळांना असते. पुढे याच नावाची कंपनी जगभर पसरली. भारतात तिचा व्यापार १९१२ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये पंजाबात मोगा येथे तिचा कारखाना उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत पुष्कळ मुले जन्मली आणि अनेक कंपन्यांचे दुधाचे डबे धडाक्याने खपले. १९६० नंतर मात्र तिथे मुले कमी जन्मू लागली. कारखाने तर उभे होते. मग माल खपवायचा कुठे? आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत दरवर्षी कोट्यवधी बाळे जन्मत होती. कंपन्यांनी आपला मोर्चा तिकडे वळवला.

विक्रीची तऱ्हा पाहा. परिचारिकेसारखा पांढरा गणवेश घातलेल्या बाया कंपन्यांनी नेमल्या. त्या प्रसूतिगृहात आणि घरोघरी जात. बाळंतिणीला वाटे, ही दवाखान्याचीच बाई आहे. ती गोड बोलून फुकटचा डबा हातात ठेवी. भिंतीवर गुटगुटीत बाळाचे चित्र आणि रेडिओवर त्याच दुधाची जाहिरात!

त्या फुकटच्या डब्यातच खरी मेख होती. बाळ जितके अंगावर पिते तितका आईला पान्हा येतो. पिणे थांबले की पान्हा आटतो. आठ-पंधरा दिवस डब्याचे दूध पाजले की अंगावरचे दूध कमी होते, आणि तोवर फुकटचा डबा संपलेला असतो. आता विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही. डबा महाग, म्हणून आई एका चमच्याच्या जागी अर्धाच चमचा घालते. पाणी गढूळ, बाटली उकळायला इंधन नाही. बाळाला हगवण लागते, ते वाळत जाते. कितीतरी गरीब देशांत अशी बाळे दगावली. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ मध्येच सिंगापूरला भाषण देऊन हा धोका सांगितला होता. भाषणाचे नावच होते 'दूध आणि खून'. पण तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही.

लोक उठले तेव्हा कायदा आला

१९७४ मध्ये ब्रिटनमधल्या 'वॉर ऑन वाँट' या संस्थेने या विक्रीवर एक पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमधल्या तरुणांनी ती आणखी झणझणीत नावाने जर्मन भाषेत छापली. नेस्ले कंपनीने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९७६ मध्ये निकाल लागला. पुस्तिकेच्या नावाबद्दल तरुणांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड झाला, पण न्यायाधीशांनी कंपनीलाही आपल्या जाहिरातीच्या पद्धती सुधारायला बजावले. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या लोकांनी या कंपनीच्या मालावर बहिष्कार पुकारला आणि तो अनेक देशांत पसरला. ज्यांच्या घरी या दुधाने काही बिघडले नव्हते, तेही परक्या देशातल्या लेकरांसाठी उभे राहिले, हे विशेष.

मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीबाबत आंतरराष्ट्रीय नियमावली मंजूर झाली. बाजूने ११८ मते पडली. विरोधात फक्त एक, ते अमेरिकेचे!

भारताने १९९२ मध्ये स्वतःचा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. या कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे डब्याचे दूध, दूध पाजण्याची बाटली आणि डबाबंद आहार यांच्या जाहिरातीला बंदी आहे. फुकट नमुने वाटता येत नाहीत. डॉक्टरांना किंवा परिचारिकांना भेटी देता येत नाहीत. बाळाच्या दुधाच्या डब्यावर आईचे किंवा बाळाचे चित्र छापता येत नाही. म्हणूनच भिंतीवरचे ते गुटगुटीत बाळ आपल्याकडे आता दिसत नाही.

पन्नास वर्षांनी तोच प्रश्न

मग गोष्ट संपली का? नाही. एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' ही स्वित्झर्लंडमधली संस्था आणि बाळांच्या आहारावर काम करणारे 'इब्फान' हे आंतरराष्ट्रीय जाळे यांनी निरनिराळ्या देशांतले याच कंपनीचे बालआहार तपासून अहवाल काढला. सहा महिन्यांवरील बाळांसाठी बिस्किटाच्या चवीचा जो आहार स्वित्झर्लंडमध्ये वरून साखर न घालता विकला जात होता, त्यातच सेनेगल आणि दक्षिण आफ्रिकेत एका वेळच्या खाण्यामागे ६ ग्रॅम साखर घातलेली होती. म्हणजे सुमारे दीड चहाचा चमचा! भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका वेळेला सरासरी जवळजवळ ३ ग्रॅम साखर आढळली. फिलिपाइन्समध्ये एका प्रकारात ती ७ ग्रॅमवर गेली होती.

कंपनीचे म्हणणेही सांगितले पाहिजे. आपण प्रत्येक देशाच्या नियमांप्रमाणेच माल बनवतो आणि भारतात पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे, असे तिने सांगितले. खरे तर यातच प्रश्नाचे मूळ आहे. नियम ढिले तिथे साखर जास्त. एकाच वयाच्या दोन बाळांचे पोट काही देशागणिक बदलत नाही. दोन वर्षांखालील मुलांना साखर जास्त असलेले पदार्थ देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तान्हेपणी जिभेला लागलेली गोडी पुढे सुटत नाही. दात किडतात आणि पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. अहवालाचा बोभाटा झाल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने भारतात साखर न घातलेले प्रकार जाहीर केले. बोभाटा झाला नसता तर?

आपण काय करायचे?

पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. पहिला चीक फेकू नका. पाणी, मध, घुटी काही नको. सहा महिन्यांनंतर अंगावरचे दूध चालू ठेवून मऊ वरणभात, मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, कुसकरलेले केळे, शिजवून घोटलेला बटाटा द्यावा. हे सारे आपल्या चुलीवर होते.

आईला दूध येतच नसेल, ती फार आजारी असेल किंवा बाळ पोरके असेल, तर डॉक्टरांना विचारून डबा आणावाच. त्यात कमीपणा नाही. मात्र पाणी उकळून घ्या, माप पुरे घाला आणि बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमचा वापरा.

डबा घेताच तर त्यावरची बारीक अक्षरे वाचा. आपल्याला येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. साखर, सुक्रोज, मध असे काही दिसले तर डबा परत दुकानात ठेवा. मोबाईलवर कोणी हसतमुख बाई डब्याचे गुण गात असेल, तर तिला त्याचे पैसे मिळतात की काय, ही शंका मनात ठेवा.

आणखी एक गोष्ट. बाळाला अंगावर पाजा, असे आईला सांगणे सोपे आहे. पण धुणीभांडी करणारी, झाडू मारणारी, विटा उचलणारी आई पाजणार केव्हा? १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले होते. आज कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी आहे. पण बिगारीवरच्या आमच्या भगिनींच्या वाट्याला ती येत नाही. डबा खपतो तो या जागीही. म्हणून रजेची मागणी हीसुद्धा बाळाच्या दुधाचीच मागणी आहे.

त्या मावशीला आम्ही नंतर हे सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग पुढच्या वेळी बाळंतिणीला अळीवाचे लाडू नेते. तिला दूध येईल, तेच बाळाला मिळेल." आम्ही म्हणालो, "न्याच. आणि चार शेजारणींनाही हे सांगा."